लिली आहे तोवर

मास्तरांचा हट्ट सगळ्या गल्लीला माहीत होता. माप देताना कुणी पोट आत ओढलं की हे शिंपीमास्तर टेप खाली सोडायचे आणि म्हणायचे, "सोडा की श्वास. शर्टाला नंतर कळायचंच आहे." अशा माणसाला त्याच्या घरातून हलवायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. पण त्यांच्या मुलीनं, ठकीनं, तेच मनावर घेतलं होतं. ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बाहुलीएवढी होती म्हणून पडलं ते पडलंच, आता तिचे स्वतःचे केस पिकायला लागले तरी सुटलं नाही.

झालं होतं असं. थंडीच्या दिवसांत मास्तर मागच्या अंगणातल्या तळ्याच्या काठावर शेवाळावरून घसरले आणि कंबरेवर आपटले. उठता येईना. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी शेजारची इस्त्रीवाली कपड्यांचा गठ्ठा द्यायला आली, दुकान सताड उघडं आणि मास्तर गायब बघून मागे डोकावली, तेव्हा कुठे सुटका झाली. हाड मोडलं नव्हतं, नशीब. पण ठकी दुसऱ्या गावाहून धावत आली ती रडून डोळे सुजवूनच.

"बाबा, बास झालं आता. माझ्याकडे चला. एक खोली नुसती पडून आहे."

"आणि दुकान?"

"दुकानात पँटची उंची कमी करण्यापलीकडे येतं काय? ते माझ्याकडे बसूनही करता येईल."

"गिऱ्हाईक?"

"बाबा!"

मास्तरांनी घराचं भाडं नाही, शेजार चांगला आहे, पाणी गोड आहे, असं एकेक काढून पाहिलं आणि ठकीनं ते एकेक उडवून लावलं. तेव्हा तोंडाला जे आलं ते बोलून गेले. "आणि तळ्यातली तुझ्या आईची लिली? तिला कोण बघणार? ती लिली आहे तोवर मी इथून हलायचा नाही. लिहून ठेव."

ठकी आईवर गेलेली, शब्दात पकडण्यात पटाईत. "ठरलं तर. लिली आहे तोवर तुम्ही इथे. लिली गेली की मुकाट्यानं माझ्याकडे यायचं. कबूल?"

"कबूल!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मनात म्हणाले, पोर वेडी आहे. त्या लिलीला आजवर साधी शिंक आलेली कुणी पाहिली नाही.

आता हे तळं म्हणजे काही फार मोठं नव्हतं. दोन खाटा शेजारी टाकल्या तर भरून जाईल एवढं, सिमेंटचं, भोवती फरशी. पुढच्या खोलीत दुकान, मधे स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणात हे. तळं होतं मास्तरांच्या बायकोचं. गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणायची, तिनं जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता तरी. घरातला कायदा पहिल्यापासून पक्का होता, आणि तो तिनंच केलेला: "कापड तुमचं, चिखल माझा." दोन-तीन वर्षांतून एकदा, ऊन तापायला लागलं की ती मास्तरांची जुनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्यात उतरायची, लिली लावलेली जाळीची टोपली ओढून काठावर घ्यायची आणि अंगणभर चिखल करून तिचं काय काय करत बसायची. मास्तर मशीनवरूनच ओरडायचे, "संपलं का तुमचं ऑपरेशन?" ते मागे म्हणून फिरकायचे नाहीत. पुढे उन्हाळा चढला की तळ्यावर पांढरीशुभ्र फुलं उघडायची. मग मात्र मास्तर चहाचा कप घेऊन काठावर बसणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अशी दाखवणार, जणू सगळं ह्यांनीच केलं.

मग ती गेली. ताप येतो काय, दवाखान्यात नेतात काय, आणि मास्तर तिच्या चपला हातात घेऊन परत येतात काय. त्यानंतर मास्तरांनी तळ्याला कुणाला हात लावू दिला नाही. पाणी कमी झालं की वरून पाइप सोडायचा, बस. ठकीनं एकदा टोपली हलवायला म्हणून बाही वर केली तर अंगावर ओरडले. "तिनं लावलंय ते. तिच्या हाताची माती आहे ती. राहू दे तशीच." लिलीची पानं खरं तर पाण्यावर पसरून पडलेली असतात. ती आता एकावर एक चढून, कमळाच्या पानांसारखी पाण्याबाहेर उभी राहायला लागली, तेव्हा मास्तरांना कोण आनंद! "बघ," ते इस्त्रीवालीला म्हणाले, "लिलीचं कमळ झालं." फुलं येईनाशी झाली होती, तिकडे मात्र त्यांनी सोयीस्कर काणाडोळा केला. आता काय म्हणावं ह्या माणसाला!

पैज लागली त्या थंडीनंतरच्याच उन्हाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. आधी कडेची, मग मधली. पाण्याला वास यायला लागला. मास्तर रोज सकाळी पिवळं पान खुडून टाकायचे आणि स्वतःशी म्हणायचे, ऊन जास्त आहे.

त्यांची मेव्हणी, मास्तरीणबाईची धाकटी बहीण, मनगट प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी अशा अवस्थेत एका दुपारी भेटायला आली. तळ्याशी जाऊन तिनं नाक मुरडलं. "भाऊजी, ही गुदमरलीय. ताई दर दोन-तीन वर्षांनी काय खेळ म्हणून टोपली काढत होती का? आत कंद वाढत जातो, जागा पुरत नाही, मग पानं अशी उठून उभी राहतात. बाहेर काढा, सडलेलं कापून टाका, चांगल्या तुकड्याला एकेक डोळा ठेवा आणि लावा परत. मीच केलं असतं, पण हा हात बघा."

"तुला कोण करू देतंय," मास्तर म्हणाले. "मी करीन."

"जमेल?"

"आयुष्यभर कापायचंच काम केलंय मी."

मेव्हणी हसली. तिथेच त्यांनी दोन गोष्टी विचारून घ्यायला हव्या होत्या. पण बायकोच्या धाकट्या बहिणीपुढे अडाणी ठरायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखं. मास्तरांनी मान हलवली आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पँट दुमडली. तळ्यात उतरताना कंबरेतून अशी कळ गेली की क्षणभर काठाला धरून उभेच राहिले. टोपली हलता हलेना. मुळं जाळीतून बाहेर पडून तळाला चिकटली होती. ओढताना पाणी काळं झालं, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. कशीबशी काठावर आली तेव्हा मास्तर धापा टाकत फरशीवर बसले. टोपली फुटली होती. आत मनगटाएवढ्या जाड कंदांचा एकमेकांत अडकलेला गुंताच.

स्वयंपाकघरातली सुरी त्यावर नुसती घसरायला लागली. मग मास्तर दुकानात गेले आणि कापडाची मोठी कात्री घेऊन आले. ही कात्री म्हणजे, बायकोनं एकदा हिनं कागद कापला म्हणून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता, ती. त्या कात्रीनं त्यांनी चिखलातला कंद कापला. आतून पिकून गेलेल्या केळ्यासारखा निघाला, काळा आणि मऊ. पुढे कापला, तोही तसाच. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "असं करू नकोस गं," ते म्हणाले, कुणाला ते त्यांनाच ठाऊक. कापत कापत टोकाशी गेले तेव्हा कच्च्या बटाट्यासारखा पांढरा, घट्ट भाग लागला. त्याच्या टोकाला बोटाच्या पेरासारखा हिरवट कोंब. हाच डोळा. असे मोजके तुकडे हाती लागले आणि मास्तरांना हुंदकाच आला.

नव्या टोपलीत घालायला चिकणमाती आणून ठेवली होती. पण जुन्या टोपलीतली माती फेकायला हात होईना. ह्याच मातीत तिनं बोटं दाबली होती. ती घट्ट काळी माती हातात घेऊन मास्तर किती तरी वेळ बसून राहिले. शेवटी त्यांनी नवी माती बाजूला सारली आणि जुनीच टोपलीत भरली. मग तुकडे आत बसवले. आता बघा, शिंप्याची सवय कुठे जाते? कच्ची कड बाहेर दिसली की शिंप्याची लाज जाते. कापलेलं, उघडं, काही म्हणजे काही दिसता कामा नये. मास्तरांनी तुकडे डोळ्यांसकट मातीत दडवले, वरून माती अशी दाबून सारखी केली की जणू शर्टाचा घेर दुमडून शिवलाय, वर खडी पसरली आणि टोपली पाण्यात सोडली. हात धुताना त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. मास्तर सकाळी उठून आधी तळ्याशी जायचे. तोंड धुऊन परत जायचे. पँटला हातशिलाई घालता घालता मधेच उठून जायचे. पाणी निवळलं, तळ दिसायला लागला, खडी दिसायला लागली. खडीतून वर काही येईना. इस्त्रीवाली म्हणाली, "मास्तर, आंघोळीला बसल्यासारखे काय बसता तिथे?" तर तिच्यावर खेकसले.

ठकीचा फोन आला. "लिली कशी आहे?"

"मजेत," मास्तर म्हणाले.

"मी रविवारी येतेय."

"कशाला? म्हणजे, ये की. ये."

तोच फोन उचलून त्यांनी मेव्हणीला लावला. नाक कापलं गेलं तरी चालेल म्हणाले. सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ती मधेच म्हणाली, "डोळा कुठे ठेवलात?"

"आत. नीट झाकून."

"अहो भाऊजी! डोळा बाहेर ठेवायचा असतो, मातीच्या वर! झाकला की कुजतो तो." मग थांबून, "आणि माती कुठली घातलीत?"

"होती तीच."

"ताईची म्हणून जुनीच घातलीत ना?"

"हो."

मग मेव्हणी हळू आवाजात म्हणाली, "त्या मातीत सड आहे, भाऊजी. आत्ताच्या आत्ता काढा."

त्यांनी पँट दुमडलीसुद्धा नाही. तसेच तळ्यात उतरले, टोपली ओढली, खडी भिरकावली, बोटांनी माती उकरली. पहिला तुकडा हातात आला तो चिखलच होऊन आला. दुसरा तसाच. शेवटचा जरा घट्ट लागला. त्यांनी कात्रीनं पातळ चकती काढली, काळी. पुढची काढली, तपकिरी. आणखी एक, तीही तपकिरी. "पांढरं लागू दे," ते म्हणत होते, "एवढंसं पांढरं लागू दे, काही मागणार नाही." चकत्या काढता काढता हातात काही उरलंच नाही. मग मास्तरांनी ती सगळी माती फरशीवर पालथी केली आणि मूठ-मूठ चाळून पाहिली. चुकून एखादा कोंब राहिला असेल. गोगलगायीचा रिकामा शंख निघाला, मुळं निघाली, काळी चोथा झालेली. कोंब नाही.

"सांगून का नाही गेलीस?" मास्तर एकदम ओरडले. "मला काय कळत होतं तुझ्या चिखलातलं? आयुष्यभर शेजारी राहिलीस आणि एवढंसं सांगता नाही आलं?" ओरडून झाल्यावर त्यांना आठवलं की ती दर वेळी सांगायला बोलवायची. 'अहो, बघा तरी,' म्हणायची. हेच दुकानातून उठले नव्हते. मग मात्र चिखलाचे हात तोंडावर घेऊन ते लहान पोरासारखे रडले.

पण माणूस बुडायला लागला की काय धरील त्याचा नेम नसतो. शनिवारी मास्तर रोपवाटिकेत गेले. तिथे सिमेंटच्या टाकीत लिल्या होत्या, गुलाबी, पिवळ्या आणि पांढऱ्या. त्यांनी पांढरी मागितली. मग पानं बघितली, आकार बघितला, एक ठेवली, दुसरी काढायला लावली, परत पहिली मागितली. रोपवाटिकावाला वैतागला. "काका, मुलगी बघायला आलाय की झाड?" मास्तर हसले नाहीत. ताग्यातलं कापड कमी पडलं की मिळतंजुळतं आणून जोड देणं त्यांना काही नवीन नव्हतं. फक्त आजवर ते गिऱ्हाइकाला सांगून द्यायचे.

त्यांनी तळं घासून काढलं, नवी माती घातली, डोळा बाहेर ठेवला, वर खडी पसरली. टोपली एकदम तळाला न सोडता विटांवर ठेवली, कारण पानं पाण्यावर यायला हवीत असं त्या माणसानं बजावलं होतं. सगळं बरोबर केलं. पानं पाण्यावर छान पसरली, एक कळीसुद्धा होती. तिच्याकडे बघून मास्तरांना तिचा रागच आला.

रविवारी ठकी आली. खांद्यावरची पर्स न काढताच मागे गेली. मास्तर दारातच उभे राहिले. ती काठावर उकिडवी बसली, एक पान बोटानं उचललं, सोडलं. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग उठून हात झटकले आणि हसून म्हणाली, "जगली की आईची लिली. जिंकलात तुम्ही."

"मग?" मास्तर म्हणाले.

"मग काय, राहा इथेच. कबूल केलंय मी." ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

झालं. घर वाचलं. दुकान, अंगण, गल्ली, सगळं जागच्या जागी. संध्याकाळच्या गाडीनं ठकी जाईल आणि परत तो विषय काढणार नाही, शब्दाची पक्की आहे. मास्तर खुर्चीवर बसले. चहा समोर आला. त्यांनी तो तसाच दूर सारला. उद्या सकाळी उठून ह्या परक्या झाडापाशी जायचं, इस्त्रीवालीला 'तिची लिली' म्हणून दाखवायचं, आणि ही पोर जन्मभर त्या फुलाकडे बघून आईला आठवणार. तिच्या आईच्या जागी आपण बाजारातलं काहीतरी आणून बसवलं.

"ठके," ते म्हणाले, "ती तुझ्या आईची नाही."

ठकीनं कप खाली ठेवला. "माहीत आहे."

"काय?"

"आईच्या लिलीची पानं खालून हिरवीगार होती. ही खालून जांभळट आहेत. लहानपणी गोगलगायी शोधायला मी सगळी उलटून बघायची ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला इथे राहायचंय म्हणून," ठकी म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम बिघडला. "एवढा खटाटोप केलात, पाण्यात उतरलात त्या कंबरेनं! परत पडला असतात म्हणजे? बाबा, तुम्ही फोन उशिरा उचललात ना, की मला तुम्ही त्या फरशीवर पडलेले दिसता. दर वेळी. भाजी चिरताना, कामावर असताना. घंटी वाजत राहते आणि मी हातातलं काम तसंच टाकून उभी राहते. आईच्या वेळी मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. परत तसं नको हो मला."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ही बाहुलीएवढी पोर. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ह्या सगळ्या दिवसांत आपण फक्त आपला जीव टांगणीला लागलाय असं धरून चाललो होतो.

"मला इथून जायचं नाही गं," ते म्हणाले. "लिलीचं नाव उगाच पुढे केलं. मला भीती वाटते. तुझ्या घरात तुझ्या आईची एकसुद्धा जागा नाही. तिथे मी तिला कुठे शोधू?"

चहावर साय धरली. पुढे दुकानात कुणीतरी "मास्तर आहेत का?" म्हणून हाक मारली, थोडं थांबलं आणि निघून गेलं. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

मग मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभे राहिले. कंबर धरून कपाटापाशी गेले, दार उघडलं आणि आतल्या कपड्यांकडे बघत पाठमोरेच उभे राहिले.

"पिशवी कुठली घेऊ?" त्यांनी विचारलं. "लहान की मोठी?"

ठकीनं पदरानं नाक पुसलं.

"मोठी," ती म्हणाली.